कान असलेली पेटी

६ सप्टेंबर १९९८, रविवार

राजवर्धननं जिप्सीवरची ताडपत्री काढली. मला न विचारता! घराशेजारच्या आमच्या शेडमध्ये आलो तर गाडी उघडी उभी. बॉनेट नवं, रंग नवा, कोल्हापुरातून दुसरं इंजिन आणून बसवलेलं. टर्बो मात्र तोच — जपानी, भंगारातला, दादानं स्वतःच्या हातानं बसवलेला.

"डिसेंबरातली घाटाची शर्यत मी पळणार," म्हणाला. "दादासोची राहिलेली. तू न्हाई म्हणलास तर पुण्याचा माणूस आणतो. पण सिद्ध्या, त्याचा भाऊ असताना दुसऱ्याचा हात कशाला?"

राजवर्धन सांगलीच्या हळदीच्या पेढीवरचा. गाडी त्याची, चालवायचा माझा थोरला भाऊ, दादासो. मागच्या डिसेंबरात सराव चालला होता. यवतेश्वरच्या घाटात, तिसऱ्या वळणावर इंजिन जाम झालं आणि मागची चाकं जागच्या जागी आवळली गेली. गाडी कठड्याला लागून थांबली. दादा थांबला नाही.

मी हो म्हणालो. का, ते उद्या लिहीन.

८ सप्टेंबर

काल लिहिता आलं नाही.

हो म्हणालो, कारण तो गाडी पळवणारच आहे. मी नसलो तर माझ्याइतकं घाबरणारं माणूस त्याच्या आसपास कुणी नसेल.

टर्बो इंजिनात हवा दाबून भरतो. त्या हवेला पेट्रोल कमी पडलं किंवा ठिणगी लवकर पडली, की आतला जाळ पिस्टनवर हातोड्यासारखा बसतो. त्याला नॉकिंग म्हणतात. ज्वारीच्या लाह्या फुटाव्यात तसा आवाज येतो. तसंच दामटत राहिलं की पिस्टनला भोक पडतं. दादाच्या पिस्टनला पडलं होतं. माझं बोट आरपार गेलं.

ते ऐकायला आमच्याकडं तांब्याची नळी. एक टोक इंजिनला बोल्टनं आवळायचं, दुसऱ्याला रबरी पाइप, पाइपाचं टोक माझ्या कानात. दादा सगळ्यांना सांगायचा — "माझ्याकडं मीटर न्हाई, सिद्धूचा कान हाय!"

त्या सकाळीही मी शेजारी होतो. तिसऱ्या वळणापर्यंत गेलो. "काय ऐकू येतंय का रं?" — "न्हाई." मग खाली आलो. वजन नको म्हणून मला उतरवलं आणि तो एकटाच परत वर गेला.

आता सगळीकडं ऐकू येतं. आईच्या फोडणीत. एसटीच्या काचांत. आज देवळात कुणी नारळाच्या करवंट्या गोळा करत होतं, तर मी पायरीवरच बसलो.

९ सप्टेंबर

ऐकू आलं नाही, की मी ऐकलं नाही?

१३ सप्टेंबर, रविवार

पुण्याहून पुष्कर आला. परदेशी गाड्यांचे सुटे भाग आणतो. शिकलेला आहे, पण हात काळे करतो, म्हणून मला आवडतो. कार्ब्युरेटर काढून इंजेक्टर बसवायचे, हे त्याचं आधीच ठरलं होतं. प्रश्न पेटीचा. किती पेट्रोल, कधी ठिणगी, हे इंजिनला सांगणारा छोटा कॉम्प्युटर. त्यानं दोन आणल्यात. दिवाळीपर्यंत वापरून बघा, आवडेल ती ठेवा, म्हणाला.

एक इंग्लंडची, कोरी. लॅपटॉप लावून तिला पाहिजे ते शिकवता येतं. ताकद भरपूर.

दुसरी जपानी, एका मोडीत काढलेल्या टर्बो गाडीतली. ताकद बेताची. पण तिला कान आहे! बोल्टाएवढा सेन्सर इंजिनवर बसतो. नॉकिंग लागलं की पेटी आपण होऊन ठिणगी उशिरा पाडते, आणि पुष्करनं तिला डॅशबोर्डवर एक लाल दिवा जोडून दिलाय, तो लागतो.

मी विचारलं, "बिघडल्यावर कशा वागतात?"

पुष्कर हसला. "अरे, मुलगी बघायला जाऊन कुणी तेराव्याचं विचारतं का?" — आणि मग वहिनी चहा घेऊन आली तसं त्याचं हसू मावळलं. कप घेऊन हळूच म्हणाला, "इंग्लंडची तशीच पळत राहते. तिला वाटतं सगळं ठीक आहे. जपानी घाबरते. ताकद काढून घेते आणि रांगत घरी येते."

"मला रांगायचं न्हाई," राजवर्धन.

मग आई आली. "म्हाळाचं दिस हायती. नवं काय घरात आणायचं न्हाई."

"काकू, आवं पेटी हाय, फ्रीज न्हाई."

"नवं ते नवं."

राजवर्धननं जपानी पेटी पुढं केली. "ही बघा, जुनीच हाय. तिकडंच म्हातारी झालीया." आईनं ती उलटीपालटी केली, पत्र्यावरचे ओरखडे बघितले. "ही येऊ दे. ती दुसरी घट बसंपतोर ह्या पावण्याच्या गाडीतच ऱ्हाऊ दे."

इंग्लंडची पेटी पुष्करबरोबर पुण्याला परत गेली. राजवर्धन जाताना आईला नमस्कार करून गेला, पण तोंड वाकडं करून.

१८ सप्टेंबर

जपानी पेटी बसवली. जत रोडला सरळ रस्त्यावर पळवली. नळी कानात. तिसरा गिअर टाकल्याबरोबर लाह्या! मी ओरडलो, "सोडा! पाय काढा!"

दिवा लागला नव्हता.

प्लग काढून बघितले. नॉकिंग झालं असलं तर प्लगच्या पांढऱ्या भागावर पिस्टनचे बारीक चकाकते ठिपके उडतात. काही नव्हतं. पुन्हा पळवली, पुन्हा मला ऐकू आलं, पुन्हा प्लग स्वच्छ. चौथ्या वेळी राजवर्धननं गाडी एका बाभळीखाली लावली. रागावला नाही, तेच वाईट वाटलं.

"तुझ्या कानात दादासो बसलाय, गड्या."

२३ सप्टेंबर

परवा घट बसले. पुष्कर इंग्लंडची पेटी घेऊन आला, दिवसभर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला. तोच जत रोड. खरंच उडते! राजवर्धन लहान पोरासारखा ओरडत होता — "विमान हाय, विमान!" पुढं मेंढरं आली म्हणून थांबलो. मेंढपाळ कन्नडमधून काहीतरी बोलला. बहुतेक शिवीच.

मला याही वेळी ऐकू आलं. प्लग याही वेळी स्वच्छ. पण तेव्हा दिव्याकडं बघून खात्री करता येत होती. इथं विचारायचं कुणाला?

राजवर्धनचं ठरलं. इंग्लंडची. मी म्हणालो, दसऱ्यापर्यंत थांबू. "थांब की. हत्यारांची पूजा कर, डोकं ठिकाणावर ईल."

३० सप्टेंबर, खंडेनवमी

जपानी पेटी परत जोडली, पुन्हा एकदा बघायची म्हणून. सेन्सरचा जोड पुसायला काढला होता, तो तसाच उघडा राहिला.

पाने, हातोड्या, जॅक — सगळं धुऊन पोत्यावर मांडलं. आईनं प्रत्येकाला हळदी-कुंकू लावलं. गाडीला हार, चाकाखाली लिंबू. तांब्याची नळी मी मांडली नव्हती. कपाटामागं आहे, डिसेंबरपासून मी सोडून तिला कुणी हात लावलेला नाही, असं मला वाटत होतं.

वहिनी दारातच उभी होती, ताटापासून लांब. आई आत गेल्यावर ती आली, कपाटामागं हात घालून नळी काढली, बाकीच्या हत्यारांच्या ओळीत ठेवली आणि तिच्यावर झेंडूचं एक फूल ठेवलं. माझ्याकडं बघितलं नाही.

तिला जागा माहीत होती.

१ ऑक्टोबर, दसरा

फजिती! सोनं वाटायला राजवर्धननं जिप्सी काढली. चालू केल्याबरोबर दिवा लागला, तो विझेचना. गाडी जोर धरेना. मिरज रस्त्यावर सायकलवाले पुढं गेले. एक म्हातारा आपट्याची पानं देत म्हणाला, "धक्का मारू का रं बाळांनो?"

बॉनेट उघडलं. आईनं भक्तीनं सेन्सरच्या उघड्या जोडातही हळदी-कुंकू भरलं होतं, वर ओल्या अक्षता, वर नारळाचं पाणी. आणि मी सकाळी न बघता तसाच दाबून बसवला.

"हळदीनं आजारी पडणारी पेटी हळदीच्या पेढीवाल्याला देतोस व्हय?" राजवर्धन हसून लालेलाल.

मला हसू आलं नाही. पेट्रोलनं पुसत होतो आणि एकच विचार — हिचा कान बंद झाला, ते हिला कळलं. कळल्यावर ही पुढं गेली नाही.

आता माझंही ठरलं. पण गाडी माझी नाही.

५ ऑक्टोबर

वहिनीनं भाकरी वाढता वाढता विचारलं, "भावजी, कंची पेटी घेताय?" डिसेंबरनंतर पहिल्यांदा गाडीचा विषय तिच्या तोंडी.

मी दोन्हींचं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली —

"ह्यांनी जी घेतली असती, ती नका घेऊ."

संध्याकाळी पेढीवर जाऊन राजवर्धनला हे जसंच्या तसं सांगितलं. तो हळदीच्या ढिगात हात घालून कांड्या नुसत्या खालीवर करत राहिला. हात झटकून म्हणाला, "दादासोनं विमानच घेतलं असतं." आणि मग, "रविवारी घाटात जाऊ. आधी तुझी म्हातारी."

१० ऑक्टोबर

उद्या सातारा. आईला जत म्हणून सांगितलंय. नळी घेतली.

११ ऑक्टोबर, रविवार

यवतेश्वर. सकाळची वेळ, रस्ता मोकळा. जपानी पेटी. मी शेजारी, नळी कानात. जत रोडला फुटायच्या त्या लाह्या आज एकदाही नाहीत. नुसती इंजिनची गर्जना, चढाला वाढत गेलेली. मला बरं वाटलं. तिसरं वळण दिसलं तेव्हा राजवर्धननं विचारलं. त्याला माहीत नाही की दादाचेही हेच शब्द होते.

"काय ऐकू येतंय का रं?"

"न्हाई."

दिवा लागलेला होता.

त्यानं पाय काढला. गाडी कठड्याशी उभी केली. मी प्लग काढले, फडक्यात धरले. पांढऱ्यावर चकाकते ठिपके. दादाच्या प्लगवर होते तसेच. पूर्ण चढाला, एवढ्या आवाजात, नॉकिंग माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही.

म्हणजे त्या सकाळी मी खरं बोललो होतो. मी खरं बोललो, आणि दादा वर गेला.