‘शोअर’चे दोन अर्थ आणि माझे राहते घर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, व्यवसाय भाषांतर (निवृत्त नव्हे, काढून टाकलेली), हा लेख स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी काल खात्री करून घेतली. त्यांनी मला शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. मी दोनपर्यंत पोचले तेव्हा ते घड्याळाकडे बघत होते. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. उलट, गेले सहा महिने खालच्या मजल्यावरून जे गोड बोलणे वर येत आहे, त्याला न जुमानता हे लिहिले आहे. यापूर्वीचे मृत्युपत्र, ज्यात आई म्हणाली म्हणून घर थोरल्या भावाला दिले होते, मी रद्द करते.

कलम १. माझ्या खोलीतल्या लाकडी खणांत चार हजारांवर कार्डे आहेत. प्रत्येकावर पुलाच्या कामातला एक इंग्रजी शब्द आणि त्याचा ग्रीक प्रतिशब्द. पूल बांधणाऱ्या आमच्या कंपनीत नकाशे आणि सूचना इंग्रजीत येत. कमानीचे सुतारकाम करणारी टोळी ग्रीक होती, कामासाठी इकडे आलेली आणि पुढे इथेच राहिलेली. त्यांना समजेल असे लिहिणे हे माझे काम. इंग्रजी शब्द फसवे असतात. ‘पिअर’ म्हणजे पुलाचा खांब, ग्रीकमध्ये मेसोवाथ्रो. पण बंदराचा धक्का असेल तर आपोवाथ्रा. ‘बेअरिंग’ पुलाखाली बसते तेव्हा एफेद्रानो, यंत्रात फिरते तेव्हा रूलेमान. कोणता कुठे हे मी त्या सुतारांच्या शेजारी बसून, त्यांच्या शिव्या खाऊन शिकले. ही सर्व कार्डे सुताराच्या मुलीला द्यावीत. सुतार कोण, हे कलम चारमध्ये येईल.

कलम २. टंकलेखन यंत्र कोपऱ्यावरच्या पुस्तकबांधणीवाल्याला. तोच या मृत्युपत्राचा व्यवस्थापक. त्याने यंत्र विकू नये. विकायचेच असेल तर निदान ‘र’ अडकतो हे गिऱ्हाइकाला सांगावे.

कलम ३. कंपनीतल्या जुन्या टंकलेखिकेने माझी शिवणाची कात्री मागून नेली आणि परत केली नाही. ती कात्री आता कायदेशीरपणे तिची. ती जे पाहूनही बोलली नाही, त्याबद्दल मी तिला काही म्हणत नाही. तो अधिकार मला नाही.

कलम ४. चौतीस वर्षांपूर्वी कोरड्या नदीवरच्या पुलाची कमान तयार झाली आणि तिच्याखालचे लाकडी टेकू काढायचे ठरले. या टेकूंना इंग्रजीत ‘शोअर’ म्हणतात. नदीच्या किनाऱ्यालाही ‘शोअर’च म्हणतात. मी सूचना लिहिली: पाचरा सैल करताना टेकूंखाली कोणीही थांबू नये. टेकूला मी ‘इपोस्तीलोमा’ लिहिले आणि पाच वाजता घरी गेले.

माझा थोरला भाऊ त्या कामावरचा मुख्य अभियंता होता. त्याचे ग्रीक सहा आठवड्यांचे, खिशातल्या कोशाएवढे. माझ्यामागे त्याने कागद उचलला, कोशात ‘शोअर’ पाहिले, तिथे किनारा सापडला, आणि माझा शब्द खोडून त्याने ‘ओख्थी’ लिहिले. टंकलेखिकेने नवा कागद केला. सकाळी फळ्यावर लागला: पाचरा सैल करताना किनाऱ्यांवर कोणीही थांबू नये.

टोळीचा मुख्य सुतार शिस्तीचा माणूस. त्याने कागद वाचला आणि किनाऱ्यावर बसलेल्या सगळ्यांना उठवले. त्याचा धाकटा भाऊ डबा उघडून बसला होता. सुतार त्याला म्हणाला, “इथे नको, खाली जा.” खाली सावली होती. भाऊ डबा घेऊन कमानीखाली गेला. तिसरी पाचर निघाली तशी टेकूंची एक रांग कोसळली. तो जागीच गेला.

त्याच संध्याकाळी मी भावाला गाठले.

“दादा, माझा शब्द तू बदललास?”

“वाचायला सोपं केलं.”

“माणूस मेला.”

“ते मला कळतंय. तू हळू बोल.”

चौकशीत त्याने सांगितले, भाषांतर बहिणीचे आहे, तिची जाण तेवढीच. माझ्या मूळ कागदाची कार्बन प्रत कंपनीतल्या माझ्या टेबलात होती. ती मी चौकशीत दाखवणार होते. आदल्या दिवशी आई माझ्या पलंगावर येऊन बसली. “अगं, तुझं काय जातंय? तू एकटी. त्याच्या घरात चार तोंडं आहेत. गेलेला माणूस काही परत येत नाही.” मी प्रत घरी आणून ड्रॉवरमध्ये टाकली आणि चौकशीत खाली मान घालून बसले. मला काढून टाकले. दादा वर चढला. आईला मी शेवटपर्यंत सांभाळले, पण त्या दिवसानंतर तिला ‘आई’ म्हणून हाक मारली नाही. ‘जेवायला चल’ एवढेच म्हणत असे. तिच्या लक्षात आले होते.

कलम ५. अकरा वर्षांनी भावाने स्वतःच्या नावावर पुलाच्या शब्दांचा इंग्रजी-ग्रीक कोश छापला. कार्डे माझी; मी गावाला गेले असताना त्याने उतरवून घेतली. प्रस्तावनेत माझे आभार आहेत, टंकलेखनासाठी. त्यात ‘शोअर’पुढे पहिलाच अर्थ इपोस्तीलोमा आहे. उतरवताना त्याचा हात जरासुद्धा अडखळला नसावा.

सुताराची मुलगी तेव्हा तांत्रिक शाळेत शिकत होती. तिने तो कोश घरी नेला, आणि बापाने तो शब्द शोधला. दुसऱ्या दिवशी तो माझ्या दारात उभा राहिला. मी कार्बन प्रत त्याच्या हातात दिली. त्याने ती उभ्यानेच वाचली.

“हा कागद अकरा वर्षं कुठे होता?”

“त्या ड्रॉवरमध्ये.”

“मी त्याला खाली पाठवलं,” तो म्हणाला. “मला वाटत होतं, फळ्यावर बरोबर लिहिलं होतं आणि मीच चुकीचं वाचलं. अकरा वर्षं मी रोज तो फळा वाचतोय.”

मी म्हणाले, माझं चुकलं. तो म्हणाला, “तुमचा भाऊ जिवंत होता, त्याला तुम्ही वाचवलंत. समजतं मला. पण माझ्याकडे येऊन एकदा सांगायला काय झालं होतं?”

दुसऱ्याच दिवशी मी प्रत घेऊन कंपनीत गेले. तिथल्या साहेबाने चहा मागवला आणि प्रकरण बंद झाल्याचे सांगितले. सुतार त्यानंतर घरी आला नाही. त्याची मुलगी मात्र दर रविवारी आली, कार्डे घेऊन बसली, माझ्या चुका काढल्या. ती आता त्याच शाळेत शिकवते. सुतार चार वर्षांपूर्वी गेला.

कलम ६. हे घर वडिलांनी मला दिले, कारण भावाच्या शिक्षणावर त्यांनी आधीच सगळे घालवले होते. माझ्या पश्चात हे दोन मजली घर, जिना आणि मागच्या अंगणासकट, सुताराच्या मुलीला द्यावे. भाऊ आणि वहिनी खालच्या मजल्यावर माझ्या परवानगीने राहतात. माझ्याबरोबर ती परवानगी संपेल. मुलीने मला विचारले, “त्यांना बाहेर काढायचं का?” मी म्हणाले, “घर तुझं, तू ठरव.” तिने ठरवलेले मला सांगितलेले नाही, आणि मी विचारलेले नाही.

कलम ७. भावाला काहीही नाही. हे विसरून राहिलेले नाही. वहिनीला स्वयंपाकघरातले कपाट, कारण गेली वीस वर्षे ती त्याच्याकडे टक लावून बघते आहे. माझ्या अंत्यविधीला भावाने यावे, पण बोलू नये.

कलम ८. भावाला या लेखाने काही मिळत नसल्याने तो कायद्याने साक्षीदार होऊ शकतो. म्हणून उद्या सकाळी मी त्याला वर बोलावणार आहे. सही करण्याआधी त्याने सगळे वाचावे. तो नाही म्हणाला तर दवाखान्यातला कंपाउंडर साक्षीसाठी बाहेरच्या खोलीत थांबलेला असेल.

स्थळ: राहते घर, वरचा मजला, रस्त्याकडची खोली.
दिनांक: चौदा मार्च, दोन हजार सात.

सही: मृत्युपत्र करणारी

साक्षीदार १: समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर. (सही)

साक्षीदार २: थोरला भाऊ. (सही) पूर्ण वाचले. कलम चार खरे आहे.

ता. क. वरचे शेवटचे वाक्य त्याने कोणी न सांगता लिहिले. लिहायला त्याला बराच वेळ लागला आणि नंतर त्याने पाणी मागितले. मी दिले. डॉक्टरांसमोर नमूद करते की यामुळे कलम सहा आणि सात यांत काहीही बदललेले नाही. सुतार आता नाही, म्हणून कार्बन प्रत आणि या पानाची नक्कल आजच त्याच्या बायकोकडे पाठवत आहे.