सापसुरळी मला का घाबरते

मेहुणेबुवा,

सप्रेम नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो आहे, असं धरून चालतो. तुमच्या भगिनी ठणठणीत आहेत, तुमच्या आईही मजेत. रविवारी आईंना न्यायला येताय असा निरोप मिळाला. त्याआधी माझा गोंधळ ऐका.

आमच्या छायाचित्र मंडळाच्या प्रदर्शनासाठी मला परसातल्या सापसुरळीचा एक अख्खा फोटो हवा आहे. (साप नाही, सरडा नाही, पाल तर नाहीच. अंग गुळगुळीत, पाय असून नसल्यासारखे.) आतापर्यंत माझ्याकडे वाळक्या पानांचे उत्तम फोटो जमले आहेत. काहींत कोपऱ्यात शेपूट आहे. तिला पकडायचं नाही, तिच्या जागीच टिपायचं, हा मंडळाचा दंडक. म्हणून मातकट कपडे घातले आणि अंगावर पाला ओढून विटांच्या ढिगापाशी पालथा पडलो. श्वासही जपून घेत होतो. सापसुरळी आली नाही. आई आल्या, आणि त्यांनी तो पाला माझ्यासकट झाडायला घेतला.

पुढचं तर मला अजून उमगलेलं नाही. त्याच विटांपाशी आई वाटाणे सोलत बसतात, अखंड बोलतात, सालं भिरकावतात, आणि ही बया त्यांच्या चपलेशेजारी खुशाल ऊन खात पसरते. वाटलं, तिला बोलणं आवडत असेल. म्हणून मीही बोलून पाहिलं (विषय सुचेना, तेव्हा ऑफिसातल्या बढत्यांबद्दल). ती विटेखाली गेली. मग आईंची शाल डोक्यावरून घेऊन बसलो. ती फिरकली नाहीच, वर शेजारीण मागून येऊन 'काकू, आता बरं वाटतंय ना?' असं विचारून गेली. शेवटी खिडकीआड उभा राहून ऐकलं, आई तिला एवढं सांगतात तरी काय. माझ्याबद्दल सांगतात. बरंचसं खरं आहे. मनाला लागलं हो. पण सापसुरळी इतकं मन लावून ऐकत होती की फोटो काढायचं राहूनच गेलं.

मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो निदान हे पत्र वाचेपर्यंत टिकवा.

तुमचा,
दाजी

ता. क. रविवारी येऊ नका. प्रदर्शन होईपर्यंत आई मला इथे हव्यात. गुडघ्याची सबब सांगा, आणि ती मी सुचवली हे त्यांना कळू देऊ नका.

पुन्हा ता. क. तुमचा नवा पत्ता फक्त आईंना पाठ, म्हणून पाकीट त्यांच्याकडे दिलं. त्यांनी आधी आतलं वाचलं. त्या म्हणतात, रविवारी जरूर या, पण त्यांच्याऐवजी मला घेऊन जा. म्हणजे सापसुरळी जरा मोकळेपणानं बाहेर येईल. कॅमेरा मात्र इथेच ठेवायचा आहे.