खडू कोणाच्या हातात

चि. पुतणीस,

तुला शिकवणीवरून काढण्याचा माझा निर्णय पुराव्याला धरून होता, एवढेच या पत्रात मला सिद्ध करायचे आहे.

वरच्या वर्गाने खालच्यांना शिकवावे म्हणून स्थापत्य विभागाचा प्रमुख या नात्याने मीच ती शिकवणीची खोली उघडली होती. दाराच्या काचेतून मी तीनदा पाहिले. तू मागच्या बाकावर पाय हलवत बसली होतीस, आणि दोनदा नापास झालेली मुलगी फळ्यावर तुळईचे गणित चुकवत होती. "मग? पुढं बोल की," एवढेच तुझे शिकवणे.

"काका, खडू मी घेतला की तिचं डोकं बंद पडतं," तू म्हणालीस.

"कामचुकारपणाला तत्त्वज्ञान जोडू नकोस," मी म्हणालो.

पंधरा दिवसांत तू कॉलेजच सोडलेस. तुझ्या जागी मी स्वतः शिकवले. निकालात माझे अकरा जण नापास झाले. तुझ्याकडे शिकलेली ती मुलगी मात्र पास झाली.

आता भर वर्गात फळ्याकडे वळलो की पाठीमागून आवाज येतो, "मग? पुढं बोल की." वळून पाहावे, तर साठ मुले माना खाली घालून उतरवून घेत असतात. काल मी खडू त्यांच्यापुढे धरला. कोणीही उठले नाही.

तुझा पत्ता वहिनींकडे आहे. तो मागायला मला तोंड नाही.

पुरावा खरा होता. चूक एकच झाली: शिकणे फळ्यापाशी चालले होते आणि मी तुझे रिकामे हात पाहत राहिलो. ही चूक माझी आहे, म्हणून खाली सही करतो.

तुझा काका