ताई, कात्री काढू नकोस

ताई,

फोन टेबलावर दिसला म्हणून घाबरू नकोस. विसरलो नाही, मुद्दाम ठेवलाय. मी कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये केस कापायला गेलोय. एकटा.

माणसांची धास्ती घालवायच्या त्या ऑनलाइन कोर्समध्ये या आठवड्याचा अभ्यासच तसा आहे. ज्याला घाबरतो ते करायचं, आणि तोंड लपवायला फोन न्यायचा नाही. खुर्चीत एकदा बसलं की पळता येत नाही, आणि तो न्हावी म्हणे अखंड बोलतो.

तू बाथरूममध्ये स्टुलावर बसवून कापतेस ते काही वाईट नाही. डाव्या कानामागचं सोडलं तर. पण लग्न होऊन तू दुसऱ्या गावी गेलीस की कात्री घेऊन दर महिन्याला येणार आहेस का?

आणखी एक. कोर्स घेणाऱ्या बाईंना परवा माझ्या फोनवरून, माझ्या नावाने ‘आता खूप बरं वाटतंय’ असं तूच लिहून टाकलंस, कळलं मला. मी गप्प बसलो की तू बोलतेस, लहानपणापासून हेच चाललंय. बाईंनी लगेच शाबासकी पाठवली. ती वाचून फार एकटं वाटलं गं. कसं वाटतंय हे मलाच विचारणाऱ्या त्या एकट्याच, आणि त्यांनाही उत्तर तुझंच गेलं.

आज त्यांचा निरोप आला तर उघडू नकोस. फजिती झाली तरी मीच लिहीन.

उशीर झाला तर सलूनकडे धावत येऊ नकोस. फार तर खिडकीत उभी राहा, म्हणजे परत येताना मला दिसशील.

धाकटा