डोहकराच्या पाच आवृत्त्या

मी, अरविंद गजानन टेंबे, वय वर्षे एकोणसत्तर, अविवाहित, सरकारी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातून निवृत्त, राहणार घाऊक बाजाराच्या मागची गल्ली, यशवंतपूर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणाला शंका असल्यास त्याने रविवारी येऊन माझ्याशी वाद घालून पाहावा. मात्र हे वाक्य वाचले जाईल तोवर ती संधी गेलेली असेल. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याचा प्रयत्न माझा पुण्याचा पुतण्या मकरंद याने केला होता, त्याचा समाचार कलम चारमध्ये घेतला आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखे काही नाही.

पुढच्या आठवड्यात माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. जुनी का काढायची, नवी कोणती बसवायची आणि त्यात काय बिघडू शकते, हे सर्जनने सहीनिशी लिहून दिले. बदल करण्याची ही रीत मला पटली. या कागदात पुढे ज्या मंडळींचा उद्धार होणार आहे, त्यांना ती कधीच जमली नाही.

कलम १. हे मृत्युपत्र मी घरासाठी लिहीत नाही, पैशासाठीही नाही. ते रविवारच्या खेळासाठी आहे, आणि त्या खेळात माझ्या समोरच्या खुर्चीवर बसणाऱ्या शेषगिरी राव याच्यासाठी आहे. शेषगिरी आणि मी कारखान्यात शेजारशेजारच्या बोर्डांवर आराखडे काढत असू. तो इथल्याच जुन्या मराठी घरातला. त्याच्या मराठीत कन्नड इतके मुरलेले की मी सांगलीहून नवा आलो तेव्हा मला त्याचे अर्धेच बोलणे कळे, आणि जे कळे त्यावर मी भांडत असे. गेली दोन वर्षे त्याची आठवण विरत चालली आहे. सकाळी काय खाल्ले ते जाते, जावयाचे नाव जाते, मागे एकदा स्वतःची गल्लीसुद्धा गेली. रविवारचा खेळ मात्र जात नाही. त्याची मुलगी विद्याश्री त्याला माझ्या दारात सोडते. ती एकदा म्हणाली, "अंकल, तेवढे दोन-तीन तास अप्पा अप्पासारखे असतात." मी गेल्यावर हे दोन-तीन तास जाऊ नयेत. खालची सर्व कलमे एवढ्यासाठीच आहेत, आणि वकिलांनी ती तशीच वाचावीत.

कलम २. खेळाबद्दल, कारण वकिलांना तो माहीत नसणार. मॉर्नफेल नावाचा हा परदेशी खेळ आमच्या ऑफिसातल्या एकाच्या मेहुण्याने ऐंशीच्या दशकात आणला. यात पट नाही, सोंगट्या नसल्या तरी चालते. एकजण सूत्रधार होतो, तो मी. बाकीचे एकेक पात्र घेतात. समोर काय आहे ते सूत्रधार सांगतो, पात्र काय करते ते खेळाडू सांगतो, आणि जमले की फसले ते फासे ठरवतात. राक्षसांचे एक वेगळे पुस्तक असते. दर काही वर्षांनी कंपनी सगळ्याची नवी आवृत्ती काढते, आणि काल जो राक्षस एका स्वभावाचा होता तो आज दुसऱ्याच स्वभावाचा होऊन येतो. आमच्या ड्रॉइंग ऑफिसात साधा स्क्रू बदलला तरी काय बदलले, का बदलले आणि कोणी बदलले हे लिहून सही करावी लागे, नाहीतर मुख्य आरेखक सगळ्यांसमोर सालटी काढे. राक्षसांच्या या कारागिरांनी आजवर एकदाही कारण लिहिलेले नाही. असल्या माणसांना आम्ही पेन्सिलला टोक करायलासुद्धा ठेवले नसते.

कलम ३. पुस्तकांची व्यवस्था. उदाहरणासाठी एकच राक्षस घेतो. पुस्तकात त्याचे नाव भलतेच लांबलचक होते. आम्ही पहिल्याच रविवारी त्याला डोहकर म्हटले, आणि आडनावासारखे वाटते म्हणून तेच टिकले.

पहिल्या आवृत्तीत डोहकराबद्दल दोन ओळी होत्या. पडक्या पाणचक्कीखालच्या डोहात राहतो. डोळे नाहीत, आवाजाच्या रोखाने येतो आणि ओढून नेतो. बस्स. का, कशासाठी, त्याचे बालपण कसे गेले, काही नाही. त्या दोन ओळींवर आम्ही कित्येक वर्षे घाबरलो. मोठमोठ्या हुद्द्यांची माणसे माझ्या घरात चवड्यांवर चालत बाथरूमला जात. हे पुस्तक माझी भाची शलाका हिला द्यावे. तिने ते हात धुऊन उघडावे.

दुसऱ्या आवृत्तीत डोहकराला मिशा फुटल्या आणि तो गाण्याला भिऊ लागला. कोणी सूर लावला की मागे सरतो, असे सरळ छापून टाकले. ज्या जनावराला आवाज म्हणजे जेवणाचे आमंत्रण, तेच आता आवाज ऐकून पाण्यात तोंड लपवते! कंपनीच्या मालकाच्या घरातल्या कोणाला तरी गाण्याचा नाद असावा, दुसरे कारण मला सुचत नाही. शेषगिरीला मात्र ही आवृत्ती जीव की प्राण, कारण तो स्वतः गातो. त्याचे पात्र म्हणजे भीमण्णा गवई. आता सूत्रधार मी असल्यामुळे माझ्या टेबलावर पहिलीच आवृत्ती चाले. भीमण्णा डोहाकाठी उभा राहून आलाप घेई आणि डोहकर त्याला घेऊन जाई. पुढच्या रविवारी शेषगिरी भीमण्णाचा धाकटा भाऊ घेऊन येई. त्याचेही नाव भीमण्णा, आणि तोही गाई. "पुस्तकात छापलंय रे, टेंबे! ओदू, वाच जरा!" असे तो ओरडे. मी म्हणे, छापलेले सगळे खरे असते तर आपल्या कारखान्याचे वार्षिक अहवालही खरे असते. या भांडणात आमच्या दोघांचे केस पांढरे झाले. मी ही आवृत्ती मूर्खपणाचा कळस मानत आलो आणि आजही मानतो. तिची व्यवस्था शेवटच्या कलमात आहे.

तिसऱ्या आवृत्तीत डोहकराची जनगणना झाली. पिल्लू, प्रौढ, महाडोहकर; लांबी, वजन, चाव्याचा जोर. पानभर आकडे आणि भीती औषधालाही नाही. गाण्याची गोष्ट गुपचूप गाळली. हे पुस्तक कोपऱ्यावरच्या रद्दीवाल्याला द्यावे; तो वजनावर घेतो, आणि वजन हा त्याचा एकमेव गुण आहे.

चौथीला पुढचे स्वतंत्र कलम दिले आहे. पाचवी आवृत्ती शलाकाची स्वतःची आहे, म्हणून तिची वाटणी करायची गरज नाही. मत मात्र देतो. यात डोहकर दुखावलेला आहे. माणसांनी त्याचा डोह घाण केला, म्हणून तो असा वागतो. त्याला भाषा आहे, सणवार आहेत. त्याला मारायचे नाही, समोर बसून त्याचे म्हणणे ऐकून घ्यायचे. शलाकाच्या व्हाइटफील्डच्या ऑफिसात नाराज माणसाला बोलावून साहेब हेच करतात, आणि तो पुढच्या महिन्यात नोकरी सोडतोच. डोह घाण झाला म्हणून म्हणे दुःख! आमच्या शहरातल्या एखाद्या तळ्यात त्याला चार दिवस ठेवले असते, तर तो आपल्या डोहाला गंगाजल म्हणाला असता.

कलम ४. चौथी आवृत्ती मकरंद यास द्यावी. हिच्यात सगळे राक्षस एकाच साच्यातून काढून वेगवेगळ्या रंगांत विकायला ठेवले आहेत. डोहकर आणि वेताळ यांच्यात किंमत सोडून फरक नाही. मकरंद गेल्या दिवाळीत आला तेव्हा त्याने माझ्या कपाटाचे फोटो काढले आणि म्हणाला, "काका, पहिल्या आवृत्तीला हल्ली बाहेर वेडे लोक भरपूर पैसे देतात. फ्लॅटही आत्ताच काढा, मेट्रोमुळे रेट चांगला आहे. रविवारी पोरखेळ करायला एवढी जागा कशाला?" शेषगिरी समोर बसला होता. मकरंदने त्याच्याकडे पाहून आवाज कमी न करता विचारले, "यांना कळतं का काही?" शेषगिरीला कळले. तो बराच वेळ स्वतःच्या बोटांकडे पाहत राहिला. मकरंदला चौथ्या आवृत्तीखेरीज माझ्याकडून काहीही मिळू नये. माझा मिक्सरसुद्धा देऊ नये, त्याने तो मागितला होता.

कलम ५. हत्यारे. रंगकामाचे ब्रश, बारीक कानशी आणि त्यांनी मी घडवलेल्या, खेळातल्या पात्रांच्या शिशाच्या बाहुल्या शलाकाला द्याव्यात. वीस बाजूंचा पितळी फासा विद्याश्रीला द्यावा. असा फासा इथे कोठेही मिळत नव्हता तेव्हा शेषगिरीने तो स्वतः घासून केला. तो जड बाजूवर पडतो, हे मी पहिल्या दिवसापासून सांगत आलो आहे. शेषगिरीने ते कधीच मानले नाही, कारण जड बाजू त्याच्या सोयीची होती.

कलम ६. यशवंतपूरचा फ्लॅट आणि बँकेतली ठेव मी शलाकाला देत आहे, आणि हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिनेच करावे. अट अशी की शेषगिरी खेळायला येतो तोपर्यंत फ्लॅट विकू नये, भाड्याने देऊ नये, जेवणाचे टेबल हलवू नये आणि दर रविवारी दुपारी खेळ मांडावा. ठेवीच्या व्याजातून कॉफी, खाणे, आणि विद्याश्रीला सवड नसेल त्या दिवशी रिक्षा. सूत्रधाराची खुर्चीही शलाकाचीच.

पाचव्या आवृत्तीच्या बाजूने बोलणाऱ्या मुलीला मी ही खुर्ची का देतो, असे टेबलावरचे बाकीचे विचारतील. सांगतो. गेल्या श्रावणात एका रविवारी मी तापाने आत पडलो होतो. शलाका व्हाइटफील्डहून मेट्रोने आली होती, तिने माझी खुर्ची घेतली. दार उघडे होते, मला सगळे ऐकू येत होते. भीमण्णा डोहाकाठी पोचला. शेषगिरीने घसा साफ केला आणि सूर लावला. शलाका समजावणीच्या सुरात म्हणाली, "काका, ते आता बदललंय. नव्या आवृत्तीत गाण्याने काही होत नाही."

गाणे थांबले.

"बदललं? केव्हा गं?"

"बरीच वर्षं झाली, काका."

"अय्यो. मला कोणी सांगितलं नाही." मग तो अगदी हळू म्हणाला, "आणखी काय काय बदललंय? मला लिहून देशील?"

शेषगिरीशी मी जन्मभर भांडलो, पण हे वाक्य मला ऐकवेना. मी पांघरुणासकट बाहेर आलो आणि म्हणालो, "काही बदललेलं नाही. गा तू. तो मागे सरतो." शेषगिरीने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी त्याला बढतीचा कागद दिला. "मग! इतकी वर्षं काय सांगतोय मी? हट्टी मनुष्य!" त्याच्या त्या विजयी चेहऱ्याचा मला भयंकर राग आला. तो चेहरा मला पुन्हा पाहायचा आहे. 

तो गाऊ लागला आणि मध्येच शब्द गेले. त्याने तळवा उचलून समोरच्या रिकाम्या हवेला दाखवला. "स्वल्प थांब रे," तो डोहकराला म्हणाला. मी शलाकाकडे पाहिले. तिच्या डोळ्यांत पाणी होते, पण आवाज सूत्रधाराचा होता. "तो थांबलाय, काका," ती म्हणाली. "सावकाश."

डोहकर थांबतो, हे कोणत्याही आवृत्तीत नाही. म्हणून खुर्ची तिची.

कलम ७. शेवटचे आणि बंधनकारक. आमच्या कारखान्यात आराखड्याची नवी प्रत निघाली तरी जुनी फाडत नसत. तिच्यावरून बनलेले एखादे यंत्र कोठेतरी, होसकोट्याच्या एखाद्या शेडमध्ये का होईना, चालू असेल, तर त्याची दुरुस्ती त्याच जुन्या प्रतीवरून करायची. नव्या प्रतीतला सुटा भाग जुन्या यंत्रात ठोकून बसवणारा मनुष्य आमच्यात गाढव समजला जाई. शेषगिरी दुसऱ्या आवृत्तीवर बनलेला आहे, आणि तो अजून चालू आहे. म्हणून माझ्या मागे या टेबलावर दुसरी आवृत्ती चालेल: मिशांसकट, भित्रेपणासकट, तिच्या सगळ्या बावळटपणासकट. पुस्तक कपाटातल्या वरच्या खणात आहे. त्याच्यासमोर कोणीही "ते बदललंय" असे म्हणू नये. ज्याला राहवणार नाही त्याने गॅलरीत जाऊन कांद्याचे ट्रक पाहावेत. शेषगिरी कायमचा येईनासा झाल्यावर कोणतीही आवृत्ती खेळा, पाचवीसुद्धा. मला कळणार नाही.

एक दिवस असा येईल की भीमण्णा डोहाकाठी उभा राहील आणि शेषगिरीला एकही ओळ आठवणार नाही. त्या दिवशी त्याच्याकडे पाहत बसू नका. टेबलावर जे कोणी असेल त्या सगळ्यांनी गायचे आहे, जे येत असेल ते, ज्याला जसे जमेल तसे. माझी नवी झडप तोपर्यंत टिकली तर मीही गाईन, आणि मला सूर अजिबात नाही.

वरील मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, खोडाखोड केली नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करत आहे. दोघांनाही या मृत्युपत्रातून काही मिळणार नाही, आणि दोघांनीही हा खेळ कधी खेळलेला नाही, त्यामुळे ते निःपक्षपाती आहेत.

सही: अरविंद गजानन टेंबे

साक्षीदार १: शिवकुमार, तळमजला, याच इमारतीत. मजकूर त्यांना कन्नडमध्ये समजावून सांगितला. "सरी, बरं, पण राक्षस खरा नाही ना?" एवढेच त्यांनी विचारले.

साक्षीदार २: डॉ. देवश्री, यशवंतपूर. लिहिणाऱ्याची तपासणी केली. तो शुद्धीवर आहे, रागावलेला आहे, आणि रक्तदाब त्यामानाने ठीक आहे.

ठिकाण: यशवंतपूर, बेंगळुरू
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार, खेळ सुरू होण्यापूर्वी