गंज नव्हे, कुंकू

मी, एकनाथ वामन डांगरे, वय एकाहत्तर, मूळचा नागपूरचा, हल्ली मुक्काम हर्नडन, व्हर्जिनिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. पत्नीचं मत वेगळं आहे, ते जोडलेलं नाही.

१. घर, बँकेतली शिल्लक आणि गाडी पत्नी शैलजा हिला. गाडीचा उजवा आरसा तिनेच तोडलाय, तोही तिलाच.

२. पोलिसांनी वापरून काढून टाकलेली पिस्तुलं विकण्याचं माझं दुकान मुलगी केया हिला. परवाना तिने स्वतः काढावा. तिची अडचण एकच, ती चकाकीला भुलते. परवाच एक पिस्तूल पाहून म्हणाली, "बाबा, इट्स सो शायनी! ऑलमोस्ट न्यू, राइट?" ते नुसतं वरून रंगवलेलं होतं, नळी पार झिजलेली.

म्हणून लिहून ठेवतो. पोलिसाचं पिस्तूल रोज कमरेला असतं, पण झाडलं जातं ते बहुधा सरावापुरतंच. तोंडाशी रंग उडालेला दिसला तर घाबरू नये. होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, घालून-काढून तो उडतो. मुठीच्या उजव्या अंगाला ओरखडे असले तर ते गाडीतल्या सीटबेल्टच्या बकलाचे. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करावी, नळी काढून उजेडाकडे धरावी. आतल्या पीळदार खाचा धारदार असल्या तर माल चांगला. वरून नवा आणि आतून बोथट असला तर हात जोडावेत. तिची स्थळं बघतानाही मी हेच सांगत होतो, पण ऐकतंय कोण!

३. मात्र हे वाचून येत नाही. कोणीतरी शेजारी बसून शिकवावं लागतं. माझी छाती आता भरवशाची राहिली नाही. माझ्यानंतर तिला शिकवू शकेल असा अख्ख्या व्हर्जिनियात एकच माणूस आहे, याच धंद्यातला माझा जुना मित्र संजय बऱ्हाटे, आणि त्याच्याशी माझं बोलणं बंद आहे.

कारण नमूद करतो. खंडेनवमीला आमच्याकडे शस्त्रांची पूजा होते. तीन वर्षांपूर्वी शैलजाने दुकानातल्या झाडून सगळ्या पिस्तुलांना हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. पुढच्या गन शोमध्ये, म्हणजे बंदुकांच्या बाजारात, एका निवृत्त शेरीफच्या तळहातावर माझ्या पिस्तुलातून दाणा पडला. त्याने तो दाताखाली धरला आणि "राइस" असा निर्वाळा दिला. इथवर निभावलं. तेवढ्यात संजयने भिंग लावलं आणि गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "अबे एकनाथ, हे तं आतून गंजलंय यार!" तेलात भिजलेलं कुंकू होतं ते! ज्याच्या स्वतःच्या घरी दर दसऱ्याला पूजा होते, त्याला कुंकू ओळखू येऊ नये? मला फार लागलं. अजून लागतं.

४. सबब संजयला काहीही मिळू नये, माझं भिंगसुद्धा. तेराव्याला जेवायला बोलवावं, पण श्रीखंडाचा आग्रह करू नये.

५. हे कलम आत्ता, सह्यांच्या वेळी घालत आहे. वकील हिमानी म्हणाली की दोन साक्षीदार लागतात. एक ती स्वतः. दुसरा शैलजाने मला न विचारता बोलावला, तो संजय. त्याने सही करण्याआधी सगळं वाचून काढलं, भिंग लावून.

"श्रीखंड राहू दे," तो म्हणाला. "पोरीले कोण शिकवनार? तू तं मरून राहिला."

"अजून मेलो नाही."

"मंग मुहूर्त पाहून राहिला काय?"

मला रडू आलं. त्याची आठवण झाली नाही असा एकही गन शो गेलेला नाही. म्हणून ठरवतो की, दर शनिवारी संजयने दुकानात यावं आणि आम्ही दोघांनी मिळून केयाला शिकवावं. हे कलम माझ्या मृत्यूची वाट न पाहता येत्या शनिवारपासून लागू होईल. हिमानी म्हणते, "काका, विलमध्ये असं चालत नाही." चालवून घ्यावं.

स्थळ: हर्नडन
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४

लिहून देणार: एकनाथ वामन डांगरे (सही)

साक्षीदार:
१. हिमानी देवस्थळी, वकील (सही)
२. संजय बऱ्हाटे (सही). शनिवारी दहाला येतो. गंजच होता.