साडूचा बांध आणि माझा मासा

३ जानेवारी
साडूचा सूड घ्यायचा. ठरलं. काल सासूबाईंकडे जेवताना सगळ्यांसमोर म्हणाला की मी वीस वर्षं कॉलेजात मासे शिकवतो, पण बाजारात ताजा कुठला ते बायकोलाच विचारावं लागतं. सगळे हसले. हीसुद्धा. मेहुणीला तर ठसका लागला. मी प्राणिशास्त्राचा प्राध्यापक आहे, मासेविक्या नाही. हे उत्तर घरी आल्यावर सुचलं.

४ जानेवारी, सकाळी
प्लॅन तयार. साडूचं जंगलात गेस्टहाऊस आहे. पाहुण्यांना डुंबायला त्याने ओढ्यावर दगडांचा बांध घातलाय. त्याच ओढ्यात चिकट्या नावाचा बोटाएवढा मासा राहतो, पोटाने दगडाला चिकटून. फार थोडे उरलेत. त्याला वाहतं पाणी लागतं. बांधाने पाणी तुंबतं, मासा मरतो. मी सर्व्हे करणार, वनखातं बांध फोडणार, साडू बघत बसणार. शिवाय निसर्गसेवा होईल, ती वेगळीच.

११ जानेवारी
ओढ्यावर. बांधाच्या वरच्या अंगाला दिवसभर दगड उलटून पाहिले. एकही चिकट्या नाही. उत्तम. दगडांच्या खालच्या बाजूला पिवळसर बुरशी, म्हणजे पाणी सडलंय. हाही पुरावाच. बांधाला मात्र हात लावला नाही. शत्रूच्या दगडाला शिवायचं नाही, हे तत्त्व. साडू काठावर चहा ठेवून गेला. प्यायलो नाही. नंतर प्यायलो.

१२ जानेवारी
ही विचारते, उलटलेले दगड परत तसेच का ठेवत नाही म्हणून. फील्डवर्क म्हणजे ओटा आवरणं नव्हे, असं शांतपणे सांगितलं. तेव्हापासून अबोला. कंबर धरलीय.

१८ जानेवारी
बांधापासून वर पुलापर्यंतचा सगळा ओढा पिंजून काढला. एक दगड सोडला नाही. मासा नाही. साडूने चिकट्या संपवला. फार आनंद झाला. म्हणजे वाईट वाटलं. वनखात्यात कम्प्लेंट दिली.

२५ जानेवारी
बांध फुटेल त्या दिवसासाठी नवा शर्ट घेतला. साडू रडला तर काय बोलायचं, तेही ठरवून ठेवलंय. मोठेपणा दाखवायचा, पण थोडाच.

२ फेब्रुवारी
वनखात्याच्या तज्ज्ञबाई आल्या. माझीच जुनी विद्यार्थिनी. बाईंनी बांधाचे दोन-तीन दगड हलकेच उचलून पाहिले. खाली तीच बुरशी. म्हणाल्या की सर, ही चिकट्याची अंडी. बांध नुसता रचलेला, फटींतून पाणी खळाळतं, माशाचं छान चाललंय. वरच्या ओढ्यात मात्र कोणीतरी दगड उलटे टाकलेत. अंडी उन्हात वाळली. यंदाची वीण तिथे गेलीच, आणि पुढच्या वर्षी मासे येतील की नाही सांगता येत नाही. कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. साडूला माहीत होतं. तो बोलला नाही. ही बोलली.

३ फेब्रुवारी
साडू गप्प का राहिला? यात नक्की डाव आहे. बांध राहणार. वनखात्याने साडूला ओढ्याची राखण दिली. मला पाण्यात उतरायला मनाई. अपील करणार. शर्ट दुकानदार परत घेत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
अपील लिहायला बसलो होतो, पण ही ओढून घेऊन गेली. साडू, ही आणि मेहुणी गुडघाभर पाण्यात दगड सुलटे लावत होती. मी काठावर खुर्चीत. मग साडूने हाक मारली. पुलाखाली एक चिकट्या परत आलाय, सरांनी बघायलाच हवा, म्हणे. मनाई आहे म्हणालो. आजच्यापुरती मी उठवली, म्हणाला. हात धरून नेलं, काचेच्या तळाची पेटी पाण्यावर धरली.

कॉलेजातल्या बरणीतला पांढराफटक असतो. हा सोनेरी होता, आणि नव्या अंड्यांवर शेपटीने पाणी घालत होता. जिवंत चिकट्या मी आज पहिल्यांदा पाहिला. साडूने हळूच विचारलं की सर, हा नर की मादी? मला ओळखता आलं नाही. नर, असं ठासून सांगितलं. त्याने लगेच विश्वास ठेवला आणि बायकांना ओरडून सांगितलं की आपले सर म्हणतात, नर आहे. फार लागलं ते.